शेत विकायच्या आधी

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातून एका मुलाने विचारलंय: "आईचं वय ५१. डाव्या छातीत गाठ होती, सुईने तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. दोन एकर कोरडवाहू आहे, मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहे. चुलते म्हणतात, मुंबईला नेलं की शेतही जातं आणि माणूसही. आम्हाला परवडतील असे उपचार खरंच मिळतात का? आशा धरायची की नाही, खरं सांगा."

दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असं आहे. पण नुसत्या ‘हो’वर तुम्ही गाडीत बसू नये, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. कर्करुग्णांसोबत वैद्यकीय समाजसेविका म्हणून मुंबईत सव्वीस वर्षं काम केलंय. गाठीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात. त्यासाठी लागणारे पैसे, राहायची सोय, कागद आणि धीर कुठून आणायचा, हे आमच्या टेबलावर ठरतं.

सगळ्यात आधी एकच सांगते. शेताचा सौदा करू नका, सावकाराकडे जाऊ नका, आईच्या पाटल्या मोडू नका. किमान तीन आठवडे तरी नाही. तुमचे चुलते खोटं बोलत नाहीत. त्यांनी तसं होताना पाहिलं असणार. पण ते होतं कसं, हे आमच्या टेबलावरून जास्त स्पष्ट दिसतं. माणूस घाबरतो, पहिल्या पंधरा-वीस दिवसांत जवळ असेल तो पैसा ओततो आणि मग खऱ्या उपचारांच्या दारात रिकाम्या खिशाने उभा राहतो. एक गृहस्थ आले होते, बायकोच्या तोंडात गाठ. पिशवीतून त्यांनी बिलं काढली. गावाजवळच्या तीन दवाखान्यांत मिळून सव्वादोन लाख गेले होते. दोनदा सीटी, एकदा पेट स्कॅन, आठ दिवस ॲडमिट ठेवून सलाईन. कॅन्सरवरचा उपचार त्यात एकही नव्हता. बैलजोडी विकून आलेला पैसा सलाईनमध्ये गेला होता.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते तेच तुम्हालाही: एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. डावीकडे उपचाराचे टप्पे महिन्यांप्रमाणे लिहा. उजवीकडे प्रत्येक टप्प्यासमोर त्याचा पैसा कोण देणार ते लिहा. योजना, संस्था, सवलत आणि शेवटी आपण. उजवी बाजू भरेपर्यंत काही विकायचं नाही. ज्यांचा हा कागद सुरुवातीलाच भरला, ती बहुतेक माणसं उपचार पुरे करून गेलेली मी पाहिलीत.

डावी बाजू आधी बघू. आईचा बायोप्सीचा रिपोर्ट आहे, हे फार चांगलं झालं. तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळदा गाठ दिसली की तपासणी न करताच कापून टाकतात, आणि मग पुढच्या डॉक्टरला मूळ गाठ केवढी होती, कुठे होती, याचा पत्ताच लागत नाही. आता कुणी "गाठ काढून टाकू, मोकळं होऊ" म्हणालं तर थांबा. त्या तुकड्यावर आणखी एक तपासणी लागते, तिला आयएचसी म्हणतात. गाठीच्या पेशींत ईआर, पीआर आणि हर-टू या तीन खुणा आहेत की नाहीत ते त्यात कळतं, आणि पुढचा सगळा रस्ता त्यावरून ठरतो. त्यासाठी तुकड्याचे मेणाचे ठोकळे लागतात. ज्या लॅबने तपासणी केली तिथून ते ठोकळे आणि काचा मागून घ्या, ते तुमचेच आहेत. नाहीतर नव्या दवाखान्यात पुन्हा सुई टोचावी लागते.

सर्वसाधारणपणे, आजार छाती आणि काखेपुरता असेल तर उपचार असे चालतात. केमोचे सहा-आठ डोस, बहुधा दर २१ दिवसांनी एक. म्हणजे चार ते सहा महिने. त्याच्या आधी किंवा नंतर ऑपरेशन. मग लाईट, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज, साधारण तीन आठवडे. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर नंतर पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी. वर्षाचा हिशेब धरा. यातली गोळी स्वस्त आहे, चहाच्या खर्चात बसते. केमोची नेहमीची औषधंही आता जेनेरिक मिळतात. खर्च उडी मारतो तो हर-टू पॉझिटिव्ह निघाल्यावर. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध पूर्वी आमच्या लोकांच्या आवाक्याबाहेरच होतं. २०१४ च्या सुरुवातीला भारतीय कंपनीचं आलं, पुढे इतरांची आली, आणि किंमत उतरली. तरी ते अजून महागच आहे. तो रिपोर्ट तसा आला तर घाबरू नका, पण समाजसेवा विभागात त्याच दिवशी जा. त्या औषधासाठी वेगळी जुळवाजुळव लागते.

स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार, ही समजूत मला आजही सुशिक्षित घरांतसुद्धा भेटते. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे जनरल फाईल असो की प्रायव्हेट, ट्यूमरचा निर्णय तेच डॉक्टर तशाच बैठकीत घेतात. फरक खोलीत, रांगेत आणि बिलात असतो. शिवाय आपल्याकडचं काही संशोधनच मुळी ‘आमच्या माणसाला झेपेल का’ या प्रश्नातून झालंय. तोंडाच्या-घशाच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध आहे, एरवी २४० मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात. टाटातल्या डॉक्टरांनी स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने १६ टक्के रुग्ण हयात होते, या मात्रेने ४३ टक्के. हे २०२३ मध्ये छापून आलं. स्तनाच्या कॅन्सरचंही एक आहे. थेट ऑपरेशनला जाणाऱ्या १६०० बायकांमध्ये, सुरी लावायच्या काही मिनिटं आधी, गाठीभोवती साधी भुलीची सुई देऊन पाहिली. दात काढताना देतात तसलीच. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. सुईचा खर्च एका थाळीएवढा.

आता मुंबईचं. चुलत्यांना सांगा, मुंबईला जावंच लागेल असं नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, टाटा मेमोरियलशी जोडलेलं. तुम्हाला ते सगळ्यात जवळचं. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शी भागात सुरू झाली, एवढं तिथलं काम जुनं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाची साखळी आहे, देशभरातली शेकडो केंद्रं तिच्यात आहेत आणि उपचाराच्या समान पद्धती ठरवतात. या साखळीने ४० औषधं एकत्र भाव करून घेतली तेव्हा साधारण ८२ टक्के पैसे वाचले. किराणा एकट्याने घेणं आणि गावाने मिळून पोतं उतरवणं, तसंच हे.

मी काय करते, तर मोठ्या आणि गुंतागुंतीच्या केसला एकदा मोठ्या ठिकाणचं मत घ्यायला लावते, उपचाराचा आराखडा लेखी घ्यायला लावते, आणि शक्य असेल तर केमो घराजवळ. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केमोची सोय वाढते आहे, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सगळ्याच जिल्हा रुग्णालयांत ती करायचं जाहीर झालंय. परभणीत आज काय चालू आहे ते सिव्हिलमध्ये जाऊन स्वतः विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. केमो एका दिवसाचं काम असतं, त्यासाठी दर २१ दिवसांनी मुंबईची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची गरज नसते. लाईटचं मात्र तसं नाही. तिथे तीन आठवडे मुक्कामच.

कागदाची उजवी बाजू. पहिली ओळ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळं-केशरी कार्ड लागायचं. आता आयुष्मान भारतसोबत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि पांढऱ्या कार्डालाही. ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही त्यात बसतात. हेल्पलाईन १५५३८८. पण योजना तुमच्या घरी चालत येत नाही. ती ज्या दवाखान्यात लागू आहे तिथेच, आणि त्या दवाखान्यात त्या उपचाराला मंजुरी आल्यावर. दारातच योजनेच्या माणसाचं, म्हणजे आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटलात तरी चालेल. निदान पक्कं होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च बहुधा खिशातूनच जातो, तेवढे पैसे जवळ ठेवा.

खरी अडचण योजनेत कमी आणि कागदात जास्त असते. आधारवर ‘शांताबाई’, रेशनकार्डावर ‘शांता’, बँकेच्या पासबुकावर माहेरचं आडनाव. एका बाईची मंजुरी नऊ दिवस अडकली, कारण थोरला मुलगा वेगळा झाला तेव्हा रेशनकार्ड फुटलं आणि या माऊलीचं नाव दोन्हींतून गळलं. म्हणजे सरकारदरबारी ती कुणाच्याच घरात नव्हती. तिचा नवरा तहसीलला खेटे घालत होता आणि ती माझ्यासमोर बाकावर बसून म्हणाली, "पंचवीस वर्सं त्या घरात चूल पेटवली, आन् कागदात न्हाई व्हय मी?" तेव्हा आजच रेशनकार्ड उघडून आईचं नाव बघा. कार्डाचा बारा अंकी नंबर आलाय का, आधार जोडलंय का बघा. दुरुस्ती असेल तर डॉक्टरची तारीख येईपर्यंत करून घ्या.

दुसरी ओळ धर्मादाय रुग्णालयांची, आणि ही फार थोड्यांना ठाऊक असते. विश्वस्त संस्थांच्या मोठमोठ्या पंचतारांकित दिसणाऱ्या दवाखान्यांनाही राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक कलमाखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. "खाट रिकामी नाही" हे उत्तर तोंडी मिळेल. ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर खाट सापडल्याचं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय, दवाखान्याचं नाव घेत नाही.

मग मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, आणि इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन यांसारख्या संस्था. या दोन संस्थांतली पहिली १९५१ ची, दुसरी १९६९ ची. ट्रस्टांना अर्ज करायचे तर दवाखान्याचं अंदाजपत्रक लागतं, सही-शिक्क्याचं. त्याच्या दहा झेरॉक्स काढा. एकाच ट्रस्टकडून सगळी रक्कम मिळण्याची वाट बघू नका. पाच ठिकाणांहून थोडं-थोडं येतं आणि त्यातूनच भागतं. बाहेर फुटपाथवर "मी करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा भेटेल. ट्रस्टचा चेक थेट दवाखान्याच्या नावे निघतो, त्यात मध्यस्थाचं काही काम नसतं.

संजय गांधी निराधार योजनेत कर्करुग्ण बसतात, महिना १५०० रुपये. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१ हजार आहे. इतक्या पैशात माणूस जगतो कसा, हे अट घालणाऱ्यालाच विचारावं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर प्रयत्न करा. रेल्वेत उपचाराला जाता-येता रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, म्हणून पहिल्या खेपेला पूर्ण भाडं पडेल. दाखला पहिल्याच दिवशी मागा, परतीला उपयोगी पडतो. एसटीतही सवलत आहे.

मुंबईला यायची वेळ आलीच तर राहण्याबद्दल. परळच्या फुटपाथवर प्लास्टिकखाली झोपलेली कुटुंबं तुमच्या चुलत्यांनी पाहिली असतील, मी रोज पाहिली आहेत. ती सगळीच इतकी गरीब असतात असं नाही. काहींना सोय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याला टाटाचं डॉ. बोर्जेस स्मारक गृह. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, २००६ पासून, आईवडिलांसकट मोफत. जागा लगेच मिळेलच असं नाही, यादी असते. दवाखान्याच्या समाजसेवा विभागाचं पत्र लागतं. लाईटची तारीख कळली त्याच दिवशी नाव घालायचं, तारखेच्या आदल्या दिवशी नाही.

तुम्ही आशेबद्दल विचारलंत ना. मी ती अशा धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात पाहिली आहे, म्हणून थोडं थांबते. संध्याकाळी सहाची वेळ. ओट्यावर सात-आठ स्टोव्ह, प्रत्येकीची वेगळी भांडी. एक नवी आलेली मराठवाड्यातली बाई, पहिला केमो परवाच झालेला, तोंड आलेलं, भाकरीचा तुकडा गिळवत नाही म्हणून नुसती बसली होती. डोळ्यांत पाणी. शेजारी सावंतवाडीकडची एक, डोक्यावर केस परत फुटू लागलेले, कापलेल्या भातासारखे आखूड. तिने काही विचारलं नाही. स्वतःच्या टोपातली उकड्या तांदळाची पेज वाटीत ओतली, त्यात चमचाभर तूप घातलं, वाटी पाण्यात धरून गार केली आणि पुढे सरकवली. मग पदर बाजूला करून म्हणाली, "हे बघ, माझे सातव्या डोसापासून यायला लागले." त्या नवीने हात वर करून त्या केसांना हात लावून पाहिला. दोघींची बोली वेगळी, एकीचं दुसरीला निम्मं कळत नव्हतं. समुपदेशन करून मला अर्ध्या दिवसात जे जमलं नसतं ते त्या वाटीने केलं. तुमच्या आईला शक्य असेल तर उपचार संपत आलेल्या एखाद्या बाईशी बोलू द्या. व्ही केअरसारख्या संस्थांचे, स्वतः या आजारातून गेलेले स्वयंसेवक दवाखान्यांत येतात, त्यांना विचारा.

आणि आईला सांगितलंय का? तुमच्या पत्रात ते नाही, म्हणून मला शंका येते. "आईला कळू देऊ नका, खचेल" ही विनंती माझ्याकडे दर दोन दिवसांनी यायची. एका घराने आईला सांगितलं होतं की गाठीत पू झालाय. तिसऱ्या डोसाला ती मला एकटी भेटली आणि म्हणाली, "मला वाचता येत न्हाई बाई, पन या दवाखान्यात सगळ्यांचे केस गेलेत एवढं दिसतंय मला. पोरं रडायला जिन्यात जात्यात. त्यांना सांगा, हितंच रडा म्हनावं." सगळं एका दिवसात सांगू नका. गाठ वाईट निघाली आहे, औषध आहे, वर्षभर लागेल, केस जातील आणि परत येतील. पहिल्यांदा एवढं बास. बाकी ती विचारेल तेव्हा.

आता माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. एका विधवा बाईचं मी सगळं बसवलं होतं. योजनेची मंजुरी, दोन ट्रस्टांचे चेक, धर्मशाळेची खोली. कागदाची उजवी बाजू पूर्ण भरलेली, मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. तिसऱ्या डोसानंतर बाई आलीच नाही. फोन लागेना. आठ महिन्यांनी आली तेव्हा आजार हाडांत गेला होता. का थांबलात म्हटलं, तर म्हणाली, शेळ्या होत्या चार, राखायला कुणी नव्हतं. शेजारणीने दोन खेपा राखल्या, तिसऱ्यांदा तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं. पैशाबद्दल मी चाळीस प्रश्न विचारले होते, शेळ्यांबद्दल एकही नाही. तेव्हापासून माझ्या कागदावर तिसरा रकाना आहे: घरी कोण, गुरं कोण बघणार, शाळेतली पोरं कुठे राहणार, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते तिचं काय. तुमचा ट्रॅक्टरमालक खाडे मोजतो का? मग प्रत्येक खेपेला तुम्हीच कशाला, बहीण असेल, मावशी असेल, पाळी लावा. एकच माणूस वर्षभर पळाला की तोही आजारी पडतो.

उपचार चालू असताना आईला १००.४ च्या वर ताप आला तर तो साधा ताप धरायचा नाही. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, आणि तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघितलेली माणसं आम्ही गमावली आहेत. रात्री दोन वाजलेले असले तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात, फाईल घेऊन. घरात थर्मामीटर आणून ठेवा. झाडपाला, काढे, अमुक गावचं औषध हे सांगणारे नातेवाईक येतील. त्यांच्याशी भांडू नका, चहा पाजा आणि डोसाची तारीख चुकवू नका.

आता चुलत्यांच्या शब्दातलं ‘माणूस’. छाती-काखेपुरता आजार असलेल्या, उपचार पुरे केलेल्या असंख्य बायका मला वर्षानुवर्षं तपासणीला येताना भेटल्या आहेत. एकीने तर नातीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. तुमच्या आईचा आजार कुठवर आहे ते अजून कुणालाच माहीत नाही, तपासण्या झाल्यावर डॉक्टर सांगतील. फुफ्फुसात, यकृतात, हाडांत गेलेला निघाला तर मुळापासून जात नाही, हे मी लपवत नाही. तरीही पुष्कळदा औषधांवर काही वर्षं घरात, शेतात, नातवंडांत निघतात. तेव्हा डॉक्टरांना एक प्रश्न स्पष्ट विचारायचा: हा उपचार बरं करण्यासाठी आहे की आराम पडण्यासाठी? उत्तर ‘आराम’ असेल तर दागिने, शेत काहीही मोडायचं नाही. तिथे वेदनाशमन विभाग लागतो. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, त्यांची भीती बाळगू नका, वेदनेने रात्र-रात्र जागणं जास्त वाईट. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात १९९७ पासून अशा रुग्णांची मोफत शुश्रूषा होते. मी तिथे माणसांना दाढी करून, अंघोळ घालून, स्वच्छ चादरीवर झोपलेलं पाहिलंय. घरच्यांनाही तिथे झोप लागते.

तर आता एवढं करा. या आठवड्यात आधी लॅबमधून मेणाचे ठोकळे आणि काचा आणा. रेशनकार्ड, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पासबुक यांच्या पाच-पाच झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि मूळ कागद दुसऱ्या पिशवीत. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडायचे नाहीत, खिडकीवरसुद्धा दाखवून परत घ्यायचे. १५५३८८ वर फोन करून संभाजीनगरला योजनेत कॅन्सरचं काय काय होतं ते विचारा. पुढच्या सोमवारी आईला घेऊन सकाळच्या ओपीडीला पोहोचा. चुलत्यांनाही सोबत घ्या, त्यांचा अनुभव कडू आहे आणि त्यांनीच डोळ्यांनी बघितलेलं बरं. काही अडलं तर रिपोर्टवर काय लिहिलंय ते मला कळवा.

आणि घरी शेळ्या आहेत का? असतील तर सोमवारी त्या कोण बघणार, ते आधी ठरवा.